माहेर-सासर सोडून तिसराच देश

डेन्मार्कचं कोपनहेगन आणि स्वीडनचं माल्मो यांना जोडणारा ओरेसुंडचा पूल २००० साली खुला झाला. दोनच वर्षांत त्या पुलावरून एक वेगळी ये-जा सुरू झाली. परदेशी बायको किंवा नवरा असलेली डॅनिश माणसं बिऱ्हाड घेऊन माल्मोला राहायला गेली आणि तिथून कामासाठी आगगाडीने रोज कोपनहेगन गाठू लागली. याचं कारण होतं २००२चा डॅनिश कायदा. परदेशी जोडीदाराला आणायचं तर दोघांचंही वय किमान २४ हवं, बँकेची हमी हवी आणि दोघांचे मिळून डेन्मार्कशी असलेले लागेबांधे इतर कुठल्याही देशापेक्षा घट्ट हवेत, अशा त्याच्या अटी होत्या. पूल ओलांडला की या अटी लागू होत नव्हत्या.

युरोपीय महासंघाचा नागरिक महासंघातल्याच दुसऱ्या देशात नोकरीला गेला, तर जोडीदाराला सोबत नेण्याचा हक्क त्याला युरोपीय कायदा देतो. स्वतःच्या देशात राहिला, तर मात्र त्याला तिथलेच नियम लागू होतात. त्यामुळे परक्या देशात संसार थाटणं सोपं आणि स्वतःच्या देशात अवघड, अशी उलटी गत होते. दोन देशांच्या माणसांनी लग्न करून कुठे राहायचं, हे कित्येकदा या एका फरकावरून ठरतं.

टोगोमध्ये जन्मलेले ओस्मान बियाओ २००२ मध्ये डॅनिश नागरिक झाले. त्यांच्या घानाच्या पत्नीला डेन्मार्कने परवाना नाकारला आणि २००३ मध्ये दोघं माल्मोला गेली. लागेबांध्यांच्या अटीतून सूट होती ती २८ वर्षं नागरिक असलेल्यांना. म्हणजे जन्माने डॅनिश असलेला माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी मोकळा, पण मोठेपणी नागरिक झालेल्याने साठीची वाट पाहायची! हा भेदभाव आहे, असा निकाल स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने दिला, पण तोवर २०१६ उजाडलं होतं. माल्मोत जन्मलेला त्यांचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा झाला होता.

या वाटेवरचं सर्वांत गाजलेलं नाव एका भारतीयाचं आहे. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रॅडफर्डला ब्रिटिश नागरिक असलेल्या तरुणीशी लग्न केलं. दोघांनी दोन वर्षं जर्मनीत नोकरी केली, परत येऊन ब्रिटनमध्ये धंदा सुरू केला. पुढे लग्न मोडायला आलं आणि सिंग यांना देशाबाहेर काढण्याच्या हालचाली सुरू झाल्या. १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला निदान तिथल्याइतके हक्क मिळालेच पाहिजेत.

२०१२ मध्ये ब्रिटनने जोडीदाराला बोलावणाऱ्या नागरिकासाठी वर्षाला १८,६०० पौंड कमाईची अट घातली, तेव्हा हा जुना निकाल अनेकांच्या कामी आला. ब्रिटिश माणसं आयर्लंडला किंवा इतर युरोपीय देशांत जाऊन काही महिने नोकरी करत आणि मग जोडीदारासह घरी परतत. ब्रेक्झिटनंतर २०२२ मध्ये ही वाट बंद झाली. एप्रिल २०२४ पासून कमाईची अट २९,००० पौंडांवर गेली. पुण्यात चांगल्या पगाराची नोकरी करणाऱ्या मराठी बायकोची कमाई या हिशेबात धरत नाहीत. पगार कमी पडला आणि केवळ बचतीवर भागवायचं ठरवलं, तर सहा महिने खात्यात ८८,५०० पौंड दिसायला हवेत. आयुष्यभर कर भरलेल्या परिचारिकेला किंवा स्वयंपाक्याला आपल्या माणसासोबत राहण्यासाठी पगाराची चिठ्ठी पुढे करावी लागते. यात देशाचं कोणतं हित साधतं?

जर्मनीची तऱ्हा निराळी. २००७ पासून जोडीदाराने निघण्याआधी जर्मन भाषेची ‘ए-वन’ परीक्षा द्यायची असते. पुण्या-मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनात ती होते आणि १०० पैकी ६० गुण लागतात. तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची, मग नावातलं एकेक अक्षर जर्मन उच्चारात सुटं करून सांगायचं. ‘क्षीरसागर’सारखं आडनाव असेल, तर तिथेच घाम फुटतो. ‘ब्लू कार्ड’ या उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर गेलेल्या मराठी इंजिनिअरच्या बायकोला ही परीक्षा माफ आहे. जर्मन नागरिकाशी लग्न केलेल्या तिच्या मैत्रिणीला मात्र सहसा माफ नाही. तीच मैत्रीण नवऱ्याबरोबर व्हिएन्नाला राहायला गेली, तर पुन्हा परीक्षेची गरज नाही.

भारतात येऊन राहायचं ठरवलं, तर परदेशी जोडीदाराला ‘ओसीआय’ (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळू शकतं, पण नोंदणी झालेल्या लग्नाला दोन वर्षं झाल्यावरच. घटस्फोट झाला, की ते कार्ड रद्द होऊ शकतं. कार्ड असलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे कोकणात जमीन घेऊन चार कलमं लावायचा बेत भारतीय जोडीदाराच्याच नावावर करावा लागतो.

मूल परदेशात जन्मलं, तर तिथल्या भारतीय वकिलातीत वर्षभरात त्याची नोंद करावी लागते. उशीर झाला, तर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंदणीच्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं, कारण भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. म्हणून बाळाच्या पहिल्या वाढदिवसाआधीच त्यांना पासपोर्ट कोणत्या देशाचा घ्यायचा, हे ठरवावं लागतं.