तबकडी महाग, स्वर सदोष

कालबाह्य ठरवून अडगळीत टाकलेली ग्रामोफोनची तबकडी पुन्हा बाजारात आली, त्याला आता बरीच वर्षे झाली. अमेरिकेत २०२० च्या पहिल्या सहामाहीत तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न कॉम्पॅक्ट डिस्कपेक्षा अधिक झाले. १९८० च्या दशकानंतर असे प्रथमच घडले. भारतातही जुन्या-नव्या चित्रपटांच्या संगीताच्या लाँग प्ले तबकड्या नव्या वेष्टनात येऊ लागल्या. त्यांची किंमत दोन-अडीच हजारांपासून चार-पाच हजार रुपयांपर्यंत असते. जे गाणे भ्रमणध्वनीवर जवळजवळ फुकट ऐकता येते, त्यासाठी रसिक एवढी रक्कम मोजतो, ती अर्थातच काही विशेष मिळेल या अपेक्षेने. ही अपेक्षा पुष्कळदा पुरी होत नाही, अशी संग्राहकांची तक्रार आहे आणि ती केवळ चोखंदळांची कुरकुर म्हणून उडवून लावण्याजोगी नाही.

तक्रारींचे स्वरूप बहुतेक ठिकाणी सारखेच आढळते. तबकडी सपाट नसून वाकलेली निघते. मधले छिद्र नेमके मध्यावर नसल्याने सतारीचा वा सनईचा लांबलेला स्वर हेलकावे खातो. नव्याकोऱ्या तबकडीतून पहिल्याच वेळी चरचर ऐकू येते. खाचेत प्लास्टिक नीट न भरल्याने एखाद्या कडव्यात फाटल्यासारखा आवाज होतो. मुखपृष्ठ जुन्या वेष्टनावरून उतरवून घेतलेले आणि पुसट असते. सर्वांत मोठी तक्रार मात्र कानाला पटकन न कळणारी आहे. मूळ चुंबकीय फितीवरून तबकडी घडविल्याचा समज ग्राहकाचा होतो किंवा करून दिला जातो. प्रत्यक्षात वापर झालेला असतो तो कॉम्पॅक्ट डिस्कसाठी पूर्वीच साफसूफ केलेल्या ध्वनिमुद्रणाचा.

दूरच्या ग्राहकाची कोंडी

मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला निदान दुकानात जाऊन तबकडी हाती धरून पाहता येते. मुंबईतील ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले, तरी चोरबाजारापासून नव्या दुकानांपर्यंत काही पर्याय तेथे शिल्लक आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील रसिकाची गोष्ट वेगळी. त्याला तबकडी मागवावी लागते ती पार्सलनेच. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला; त्यानंतरही कित्येक वर्षे वडसा हेच त्याचे रेल्वेशी नाते सांगणारे एकमेव ठिकाण राहिले. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतरच सुमारे दोनशे किलोमीटर. अशा ठिकाणी आलेली सदोष तबकडी परत पाठवायची म्हणजे वेळ, पैसा आणि मनस्ताप यांचा नवा खर्च.

त्यात हवामानाची भर पडते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही देशातील सर्वाधिक तापणाऱ्या गावांमध्ये गणली जातात. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. तबकडी ज्या व्हिनाइलची बनते ते साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज निर्माण होते. कारखान्यातून सरळ निघालेली तबकडी अशा प्रवासात वाकू शकते. मग उत्पादक वाहतूकदाराकडे बोट दाखवितो, वाहतूकदार वेष्टनाकडे आणि विक्रेता सील फोडल्याकडे. सील फोडल्यावाचून दोष कळत नाही, आणि सील फोडले की माल परत घेतला जात नाही, असा हा पेच आहे.

तबकडीचा आणि या अरण्यप्रदेशाचा संबंध मात्र परकेपणाचा नाही. एमिल बर्लिनरच्या तबकड्या आरंभी कठीण रबराच्या होत्या. १८९५ च्या सुमारास त्यांची जागा लाखेच्या मिश्रणाने घेतली. पुढे जवळजवळ अर्धशतक जगभरच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या या लाखेवर अवलंबून होत्या आणि लाखेचा मुख्य पुरवठा भारताच्या जंगलांतून होत असे. पळस आणि कुसुम या झाडांवर लाखेचा किडा पोसला जातो. चांद्याच्या आणि गडचिरोलीच्या रानांत या झाडांना तोटा नाही. १९४२ मध्ये महायुद्धामुळे पुरवठा अडचणीत येताच अमेरिकी सरकारला तबकड्यांसाठी होणाऱ्या लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घालावे लागले. १९४८ मध्ये व्हिनाइलची लाँग प्ले आली आणि लाखेचे हे महत्त्व हळूहळू ओसरले. तबकडी कापण्याच्या थराला इंग्रजीत आजही जे नाव आहे ते मात्र आपल्या ‘लाक्षा’ या शब्दावरूनच आले आहे.

दोष शिरतो कोठे?

तबकडी तयार होण्याची रीत पाहिली म्हणजे दोष कोठे शिरतात हे ध्यानात येते. प्रथम मूळ ध्वनिमुद्रण एका मऊ थराच्या चकतीवर कापले जाते. तिच्यावर चांदीचा पातळ मुलामा देऊन निकेलचे साचे घेतात आणि या साच्यांमध्ये तापलेले व्हिनाइल दाबून तबकड्या काढतात. एक साचा साधारणतः हजाराच्या आसपास तबकड्यांपुरता नीट चालतो; त्यापुढे त्याच्याकडून काम घेतल्यास खाचांची धार जाते. दाबलेली तबकडी पुरेशी थंड होण्यापूर्वी वेष्टनात घातली तर ती वाकते. मध्यबिंदू केसभर चुकला तरी स्वर डळमळतो. यांतील बहुतेक दोष घाईने आणि तपासणीत केलेल्या काटकसरीने होणारे आहेत.

चित्रपटसंगीताच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाशी ती जेमतेम २० सेंटिमीटर. त्यामुळे शेवटच्या गाण्यात ‘स’, ‘श’ यांसारखी अक्षरे खरखरू लागतात. एका बाजूवर पंचवीस-सव्वीस मिनिटांचा मजकूर कोंबला तर खाचा उथळ कराव्या लागतात, आवाज क्षीण होतो आणि पार्श्वभूमीची खरखर वर येते. गाणी, पार्श्वसंगीत आणि संवाद हे सारे एकाच तबकडीत देण्याचा मोह येथे महाग पडतो. ‘शोले’ (१९७५) या चित्रपटाच्या तर संवादांच्याच तबकड्या निघाल्या आणि गावोगावच्या भोंग्यांवर त्या वाजल्या. पण भोंग्यावरचे ऐकणे आणि पाच हजारांच्या तबकडीकडून केलेली अपेक्षा यांत अंतर आहे. ‘वजनदार’ तबकडी म्हणजे उत्तम तबकडी, हा समजही असाच विक्रीला सोयीचा आहे. १८० ग्रॅमची तबकडी हाताला भारदस्त लागते, इतकेच. खाचेत जे उतरले नाही ते वजनाने येत नाही.

मोठी किंमत म्हणजे खात्रीचा माल नव्हे, याचा धडा २०२२ मध्ये अमेरिकेत मिळाला. ‘मोबाइल फिडेलिटी’ ही तेथील नामांकित कंपनी मूळ फितीवरून घडविलेल्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध होती आणि तिच्या काही तबकड्यांची किंमत शंभर डॉलरांच्या घरात होती. तबकड्या घडविताना मध्ये एक डिजिटल टप्पा वापरला जातो, ही गोष्ट अ‍ॅरिझोनातील एका विक्रेत्याने उघड केली आणि कंपनीला ती मान्य करावी लागली. पुढे खटला होऊन सुमारे अडीच कोटी डॉलरांची तडजोड झाली; तबकडी परत करून पूर्ण पैसे घेण्याची मुभा ग्राहकांना मिळाली. यातील मर्म असे की, त्याच तबकड्यांच्या ध्वनीची वाखाणणी त्याच संग्राहकांनी पूर्वी केली होती. ध्वनी वाईट आहे, अशी त्यांची फिर्याद नव्हती. आपण कशासाठी पैसे मोजतो हे आपल्याला सांगितले गेले नाही, ही होती.

उत्पादकांची बाजू

उत्पादकांच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. भारतात १९०२ मध्ये गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरहून दाबून आणाव्या लागल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि १९२८ पासून डमडम येथे मोठे उत्पादन सुरू झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅसेट आणि कॉम्पॅक्ट डिस्क यांच्यापुढे तो व्यवसाय बसला. यंत्रे भंगारात गेली, जाणते कारागीर पांगले आणि नव्या मागणीसाठी पुन्हा युरोपातील कारखान्यांकडे जावे लागले. अलीकडे मुंबईच्या परिसरात तबकड्या दाबण्याचे काम पुन्हा सुरू झाले, ही समाधानाची बाब होय. परंतु गेलेले कसब यंत्राबरोबर विकत मिळत नाही. जगातही स्थिती फारशी निराळी नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील कारखान्याला आग लागली आणि कापणीच्या चकत्यांसाठी साऱ्या जगाला मुख्यतः जपानमधील एका कारखान्यावर विसंबावे लागले. जुन्या फिती झिजल्या वा हरवल्या असतील, तर चांगल्या डिजिटल प्रतीवरून तबकडी काढणे हा अपराध ठरत नाही. दोष कधी ग्राहकाच्या घरातही असतो. स्वस्त यंत्राची पाच-सहा ग्रॅम दाब देणारी सुई उत्तम तबकडीचीही वाट लावते.

तथापि या अडचणी किंमत ठरविताना कोणी ग्राहकापुढे मांडीत नाही. किंमत आकारली जाते ती निर्दोष मालाची आणि दोष निघाला की कैफियत ऐकविली जाते ती अडचणींची. शिवाय दोष लपून राहावेत अशी बाजाराची रचनाच होत चालली आहे. अमेरिकेत तबकड्या विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांकडे ती वाजविण्याचे यंत्रच नाही, असे ‘ल्युमिनेट’ या संस्थेच्या २०२३ मधील पाहणीत आढळले. कोणी ती भिंतीवर लावतो, कोणी भाव चढेल या आशेने सीलबंद ठेवतो. ज्या वस्तूचे निम्मे खरेदीदार तिचा उपयोगच करीत नाहीत, तिच्या गुणवत्तेची काळजी उत्पादकाने वाहण्याचे कारण उरत नाही. प्रामाणिकपणे ऐकणारा अल्पसंख्य ठरतो आणि त्याची तक्रार विक्षिप्तपणाची मानली जाते. काहींनी तर चरचर हेच तबकडीचे सौंदर्य, अशी समजूत करून घेतली आहे. जुन्या तबकडीवरची चरचर ही तिच्या आयुष्याची खूण असते. आज दाबलेल्या तबकडीवरची चरचर ही निष्काळजीपणाची.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. हा श्रीमंतांचा छंद आहे आणि वनजिल्ह्यांत त्याहून गंभीर प्रश्न पडले असताना त्याची चर्चा कशाला? आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु याच जिल्ह्यांतील एका नित्याच्या व्यवहाराकडे पाहावे. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारे कुटुंब पहाटे रानात जाते, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर आणते. तेथे पुडा हाती घेऊन पारखला जातो. पाने कमी असतील, फाटकी असतील, तर पुडा बाद होतो आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. जो माल काही रुपयांना विकला जातो त्याची अशी एकेक नगाने पारख, आणि हजारो रुपयांच्या मालाला मात्र सीलच्या आडोशाने सूट, हा न्याय कसा म्हणावा? गुणवत्तेची कसोटी गरीब विक्रेत्याला लागू आणि मोठ्या विक्रेत्याला लागू नाही, असा प्रघात एका वस्तूत मान्य केला की तो बियाण्यांत, औषधांत आणि पंपांतही मान्य होतो.

कायदा आहे, माहिती नाही

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूची गुणवत्ता, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्याचे नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे मुंबईच्या विक्रेत्याविरुद्धची तक्रार चंद्रपूर वा गडचिरोली येथे चालू शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार संगणकाद्वारे दाखल करता येते. उणीव आहे ती दुसरीकडे. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादक वा आयातदाराचे नाव आणि कमाल किंमत असावी लागते. पण ध्वनी कोणत्या मूळ प्रतीवरून घेतला, हे सांगण्याचे बंधन तबकडीच्या उत्पादकावर नाही. जे सांगितलेलेच नाही ते खोटे ठरविणार कसे?

म्हणून संग्राहकांची मागणी भरपाईपुरती मर्यादित राहू नये. मूळ फीत की डिजिटल प्रत, कापणी कोणी केली, तबकडी कोठे आणि कधी दाबली, प्रत्येक बाजू किती मिनिटांची, एवढा चार ओळींचा मजकूर वेष्टनावर छापण्यास काही खर्च येत नाही. वाकलेली वा केंद्र चुकलेली तबकडी सील फोडल्यानंतरही बदलून मिळेल, अशी लेखी हमी असावी. एप्रिल ते जून या काळात विदर्भात पाठवावयाच्या तबकड्यांसाठी कडक पुठ्ठ्याचे वेष्टन वापरावे आणि त्या उन्हात पडून राहणार नाहीत अशी व्यवस्था करावी. मुंबईत १९९० पासून काम करणाऱ्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थांनी जुन्या तबकड्यांच्या नोंदी चिकाटीने जपल्या, नव्या तबकड्यांच्या दोषांचीही तशीच नोंद संग्राहकांनी ठेवली तर उत्पादकाला ती डावलता येणार नाही.

ग्राहकानेही एक पथ्य पाळले पाहिजे. तबकडी हाती येताच ती उघडून, दोन्ही बाजू पुरत्या ऐकून, दोष आढळल्यास त्याच आठवड्यात लेखी कळवावा. न ऐकता कपाटात ठेवलेली प्रत्येक तबकडी सदोष मालाला मूक संमती देत असते. दमडीची लाख विकणाऱ्याला या प्रदेशात कोणी पारखल्यावाचून सोडले नाही. आज हजारो रुपये मोजून तबकडी घेणाऱ्याने तेवढीच पारख उलट दिशेने करावी, यात अवाजवी असे काही नाही.