पाळण्यात वारसदार, जिभेवर चार भाषा

बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात आज सकाळी जन्मलेल्या बाळाला अजून धड डोळे उघडता येत नाहीत. पण हिंदू एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन असेल, तर तिच्यात त्याचा वाटा पडलेलासुद्धा असतो. आणि गंमत अशी की हा नियम ज्या ग्रंथाच्या नावानं ओळखला जातो, तो ग्रंथ लिहिला गेला याच गावात!

ग्रंथाचं नाव 'मिताक्षरा', लेखक विज्ञानेश्वर. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ या काळात कल्याणहून, म्हणजे आजच्या बसवकल्याणहून, राज्य करत होता. विज्ञानेश्वर त्याच्याच दरबारातला. कलबुर्गी जिल्ह्यातल्या मर्तूर गावाशी त्याचं नाव जोडलं जातं. याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिताना त्यानं सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानंच तयार होतो, बाप जाण्याची वाट बघावी लागत नाही. बंगाल आणि आसामात 'दायभाग' चालला, तिथे बाप हयात असेपर्यंत मुलाला असा हक्क नव्हता. बाकी बहुतेक भारत आपल्या बसवकल्याणच्या बाजूनं गेला.

मुलींना मात्र फार थांबावं लागलं. कर्नाटकानं १९९४ मध्ये दार उघडलं, पण तोवर लग्न होऊन गेलेल्या मुली बाहेरच राहिल्या. २००५ च्या दुरुस्तीनं देशभरातल्या मुलींना जन्मानं तोच हक्क मिळाला. म्हणजे बारशाला 'मुलगी झाली' म्हणून पेढे वाटताना आजीनं हेही ठणकावून सांगावं: शेतात हिचं नाव आहे! आणि अजून पोटातच असलेलं बाळ? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २० त्यालाही विसरत नाही. घरातलं माणूस गेलं तेव्हा बाळ पोटात असेल आणि पुढे जिवंत जन्मलं, तर ते आधीच जन्मलं होतं असं धरून वाटणी होते.

राजाच्या वीस सुखांतलं एक

विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्यानं ११२९ च्या सुमारास, याच कल्याणात, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणं. राजानं उपभोगायच्या वीस गोष्टींची यादी त्यात आहे: घर, स्नान, विडा, फुलं, दागिने, जेवण. आणि त्याच यादीत 'पुत्रोपभोग', म्हणजे लेकरांचं सुख. साम्राज्य चालवणाऱ्या माणसानं पोरांमध्ये रमण्याला स्वतंत्र प्रकरण दिलं, हे मला त्या ग्रंथातलं सगळ्यांत लोभस वाटतं.

स्वयंपाकघराची पानंही चाळण्यासारखी. 'इड्डरिका' नावाचा पदार्थ तिथे आहे, इडलीची पणजी म्हणा ना. पण त्यात तांदूळ नाही, निव्वळ उडीद. 'धोसक' आहे, 'पूरिका' आहे. बाळाला मऊ इडलीचा तुकडा कुस्करून भरवणाऱ्या बिदरच्या आईनं हे जरूर ध्यानात ठेवावं, की या घासाचा नऊशे वर्षांपूर्वीचा लेखी पत्ता तिच्याच जिल्ह्यातला आहे.

आणि खरा खजिना पुढेच. संगीताबद्दल लिहिताना सोमेश्वरानं नोंद केली आहे की महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात. ओवीच्या सगळ्यांत जुन्या उल्लेखांपैकी हा एक. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे तिच्याही दीडशे वर्षं आधीचा. ज्या ओवीवर मराठीतली लेकरं पिढ्यान्‌पिढ्या झोपी गेली, तिची नोंद आज कर्नाटकात असलेल्या गावात, कन्नड राज्यकर्त्याच्या संस्कृत ग्रंथात झाली. सीमाभागाचं कौतुक यापेक्षा वेगळं काय सांगायचं!

कामाच्या लयीत, जात्यावर गाण्याची ओढ केवळ मराठीला होती असंही नाही. सतराव्या शतकाच्या आसपास विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनी भाषेत 'चक्कीनामा' रचले गेले. जात्याचा खुंटा, फिरता दगड, पडणारं पीठ, सगळ्याला भक्तीचा अर्थ. पाळण्याजवळ म्हणायला 'लोरीनामा' होते, सूत कातताना म्हणायला 'चरखानामा'. शेजारच्या दोन घरांत पहाटे दोन जाती फिरत, एकीकडून विठ्ठल, दुसरीकडून अल्ला. मांडीवरचं पोर दोन्हीकडे त्याच घरघरीत पेंगत असे.

'ळ' आधी की 'आई' आधी?

या भागातल्या बाळाच्या कानावर दिवसभरात काय काय पडतं, मोजून पाहा. आई मराठीत, शेजारच्या अक्का कन्नडमध्ये, दुकानदार चाचा दखनी उर्दूत, जहिराबादकडून आलेल्या मावशी तेलुगूत. पाहुणे हमखास काळजी करतात, 'पोर गोंधळेल हो!'

नाही गोंधळत. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्यांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांपर्यंत तो बहुतेकांचा सुटला, कारण घरात तो फरक कुणी बोलतच नव्हतं. आपल्याकडे तो सुटायला वावच नाही. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत 'त-ट', 'न-ण', 'ल-ळ' रोजचेच. बाळाच्या कानाला दिवसभर सगळीकडून तोच सराव.

त्याही आधीची गोष्ट. २००९ मधल्या एका अभ्यासात फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या दोन ते पाच दिवसांच्या बाळांचं रडणं तपासलं गेलं. फ्रेंच बाळांचा सूर चढत जाणारा, जर्मन बाळांचा उतरत जाणारा, अगदी आयांच्या बोलण्याच्या चालीत. पोटात असतानाच भाषेची चाल लागते! भालकीच्या बाळाच्या रडण्यात मराठी किती आणि कन्नड किती, हे कुणीतरी तपासायलाच हवं.

दोन भाषा शिकणाऱ्या लेकराचे एका भाषेतले शब्द मोजले तर कधी कमी भरतात, दोन्हींतले मिळून मोजले की भरपाई होते. एकाच वाक्यात दोन भाषा मिसळल्या तरी ती बिघाडाची खूण नाही. पण मूल हाकेला वळत नसेल, आवाजानं दचकत नसेल, तर 'दोन भाषांमुळे उशीर होतोय' म्हणत बसू नये, कान तपासून घ्यावेत.

बोलायला उशीर झालेल्या लेकरांच्या आयांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. अफजलपूर तालुक्यातल्या गाणगापूरला ज्यांच्या निर्गुण पादुका आहेत, ते नृसिंहसरस्वती कारंज्याला जन्मले. गुरुचरित्र सांगतं की मुंज होईपर्यंत त्यांनी ॐ खेरीज एक शब्द उच्चारला नाही, आणि मुंजीत थेट वेद म्हणायला लागले. आईच्या जिवाला तेवढाच आधार.

पहिला घास

सहा महिने फक्त आईचं दूध, मग उष्टावण. मऊ भात, वर तुरीच्या वरणाचं पाणी, तुपाचा थेंब. कलबुर्गी म्हणजे कर्नाटकातलं तुरीचं कोठार, आणि इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बाळाच्या चांदीच्या वाटीत पडतं ते मानांकित वरण!

मधाचं बोट मात्र वर्षापर्यंत चाटवू नका, आजीनं कितीही आग्रह केला तरी. तान्ह्याच्या आतड्यात मधातल्या जिवाणूंचे बीजाणू वाढून विषबाधा होऊ शकते, म्हणून डॉक्टर बारा महिन्यांपर्यंत मध वर्ज्य सांगतात. आजीच्या बाकी पुष्कळ गोष्टी सोन्यासारख्या आहेत, ही एक सोडून द्यावी.

दात आले की पोराला मोकळं रान. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला सुशीला, खपली गव्हाची गुळातली हुग्गी, भाकरीवर शेंगाची चटणी (आधी तिखट झटकून). अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत गेलं की कर्नाटकात १ ऑगस्ट २०१३ पासून 'क्षीरभाग्य' योजनेचं दूध.

मातीचे बैल वर्षातून दोनदा

सीमेवरच्या पोरांची खरी चैन सणांत. कर्नाटकी चालीनं ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी, बैलांचा सण. त्यानंतरच्या अमावस्येला, मण्णेत्तिन अमावस्येला, मातीचे बैल करून पुजायचे. मराठवाडी चालीनं पुढे श्रावण अमावस्येला पोळा, पुन्हा बैल, आणि ज्यांच्या दारात खरे बैल नाहीत त्यांच्या घरी पुन्हा मातीचे. दोन्ही चाली पाळणाऱ्या घरातल्या चार वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय हवं? हात कोपरापर्यंत चिखलात आणि कुणी रागावत नाही.

संक्रांतीचंही तसंच. आपण रथसप्तमीपर्यंत केव्हाही बोरन्हाण घालतो: काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. तेलुगू घरात हेच भोगीच्या दिवशी, 'भोगी पळ्ळू' म्हणून. कन्नड घरांतही त्या दिवसांत लहानग्यांच्या डोक्यावरून बोरं ओतायची रीत आहे. तीन भाषांच्या आया एकाच झाडाची बोरं लेकरांवर ओततात. वाड्यातली थोरली पोरं तिन्ही घरी गोळा करायला हजर.

होळी-पाडव्याला गळ्यात साखरेच्या गाठी. गौरी हुण्णिमेला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, उत्तर कर्नाटकात साखरेच्या बाहुल्यांची आरती. मोहरमला नवसाची मुलं 'फकीर' होतात, हिंदू घरांतलीसुद्धा, आणि मलिदा, चोंगे खातात. दातांच्या डॉक्टरांनी हा परिच्छेद वाचू नये.

या सगळ्यांत माझं मत येळवशीला. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी सगळी शेतात लोटतात. कडब्याची कोप, आत पाच दगडांचे पांडव, आंबिलाचं बिंदगं, तूर-वाटाणा-हरभऱ्याची भज्जी, बाजरीचे उंडे. झाडाला झोका बांधलेला. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याची झोळीही तिथेच फांदीला. या सणाला आमंत्रण नसतं. दुसऱ्याच्या शेतातून जाणारा वाटसरूही जेवल्याशिवाय सुटत नाही. शहरात राहायला गेलेल्या आईबापांनी वर्षाची एक सुट्टी राखायची तर हिच्यासाठी राखावी, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी बाबा घरी

एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या वर. म्हणून कर्नाटक सरकार या दोन महिन्यांत कलबुर्गी विभागातल्या कचेऱ्यांची वेळ सकाळी आठ ते दुपारी दीड अशी बदलतं. ज्या घरात आई-बाबा दोघंही सरकारी नोकरीत, तिथल्या पोरासाठी उन्हाळा म्हणजे दुपारच्या जेवणाला दोघंही ताटावर. बंगळुरूच्या पोरांना हे सुख नाही.

गारव्यासाठी बिदरला झरणी नरसिंह आहेच. मंगळपेठेजवळच्या या गुहेत देवापर्यंत पोचायला सुमारे ३०० मीटर पाण्यातून चालायचं, मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत पाणी, छताला वटवाघळं. लहान मुलं अर्थातच बापाच्या खांद्यावर. बापाचे केस दोन्ही मुठींत घट्ट धरून झालेलं देवदर्शन मूल जन्मात विसरत नाही.

आजोबांचा जन्म १३५० साली

जुन्या ट्रंकेत पणजोबांनी जपलेला दाखला सापडला आणि त्यावर आजोबांचं जन्मवर्ष १३५० दिसलं, तर घाबरू नका. ते फसली साल. निजामाच्या राज्यात हाच हिशेब होता, वर्ष ऑक्टोबरात आझुर महिन्यानं सुरू व्हायचं. ५९० मिळवा: आजोबा १९४०-४१ चे. निजामाच्या काळात शाळा उर्दूची, म्हणून पणजोबा घरी मराठी बोलत आणि सही उर्दूत करत. भालकीच्या हिरेमठात चन्नबसव पट्टद्देवरांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवलं, ती आठवण अजून सांगितली जाते.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला आणि जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात, नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्रात, उरलेला म्हैसूरला. आजोळ एका राज्यात, आत्या दुसऱ्या राज्यात, पोर तिसऱ्यात.

बाळंतपणासाठी लेक माहेरी जायची मात्र थांबली नाही. आज हिशेब असा: कर्नाटकातल्या बाईला ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत राज्याच्या हद्दीत साध्या बसला तिकीट नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पण कडेवर लेकरू असेल तर रेल्वे धरा. बिदर, भालकी, कमलनगर, उदगीर एकाच मार्गावर आहेत, आणि २९ ऑक्टोबर २०१७ पासून बिदरहून कलबुर्गीलाही रूळ पोचले आहेत. खिडकीची जागा पोराला द्या, स्टेशनच्या पाट्या वाचून दाखवा. कमलनगरपर्यंत पाटीवर कन्नड असतं, उदगीरला मराठी.