दाखला, भिंत आणि फड : कायद्याच्या भाषेतील तीन गृहीतके

एखादा कागद भिंतीवर लावण्याची सक्ती कायदा करतो, तेव्हा त्या सक्तीच्या मुळाशी तीन गृहीतके असतात : कागद लावण्यास जागा आहे, तो लावणारा मालक निश्चित आहे, आणि ज्याच्यासाठी तो लावावयाचा त्या कामगारास त्याची भाषा कळते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या संदर्भात ही गृहीतके तपासली असता कायद्याच्या शब्दार्थासंबंधी काही मूलभूत प्रश्न उभे राहतात.

ह्या सक्तीचे ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. तेथील १९६९ चा मालकांच्या दायित्वाच्या सक्तीच्या विम्याचा कायदा १ जानेवारी १९७२ पासून अमलात आला. कामावर झालेल्या इजेची वा जडलेल्या रोगाची भरपाई मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, हा त्याचा हेतू होय. काही अपवाद वगळता प्रत्येक मालकाने विमा उतरावा (आजची किमान मर्यादा ५० लाख पौंड) आणि त्याचा दाखला कामगारांना सहज वाचता येईल अशा ठिकाणी लावावा, असे बंधन त्याने घातले. २००८ पासून दाखला संगणकावर पाहावयास ठेवला तरी चालतो. परंतु तो कामगारास प्रत्यक्ष पाहता आलाच पाहिजे.

मराठीत अशा कागदास 'दाखला' म्हणतात. हा शब्द 'दाखविणे' ह्या क्रियापदापासून आला असावा, असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः 'दाखला' हा 'दाखल'प्रमाणे अरबी-फारसीतून आलेला शब्द असून 'दाखविणे' हे प्राकृतातून आले आहे. पहिल्यात नोंदीचा अर्थ प्रधान आहे, दुसऱ्यात दर्शनाचा. ब्रिटिश कायद्याने ह्या दोन क्रियांची सांगड घातली : नोंद झाली एवढ्याने भागत नाही, ज्याच्या हितासाठी ती झाली त्यास ती दिसली पाहिजे. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, काही विधाने वर्णन न करता कृती करतात. भिंतीवरील दाखला हे अशा कृतीचेच उदाहरण मानता येईल. तो मालकाने सर्वांसमक्ष दिलेला शब्द असतो.

भारतात ह्या दोन क्रिया वेगळ्या राहिल्या. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मालकावर दायित्व टाकले, पण विम्याची सर्वसाधारण सक्ती केली नाही. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने वर्गणीवर आधारलेला विमा आणला; मात्र त्यातून हंगामी कारखाने वगळले. साखर तयार करणे आणि कापसातील सरकी काढणे, हे बीडच्या परिचयाचे दोन्ही उद्योग ह्या 'हंगामी' व्याख्येत येत होते. १९४८ च्याच कारखाना अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ लावण्यास सांगितले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ह्या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली असली, तरी सामाजिक सुरक्षा संहितेच्या राज्य विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत.

आता पहिले गृहीतक पाहावे. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार ह्या भागांतून टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडतात. राहावयास कोपी, काम करावयास फड. फड आज ह्या शेतकऱ्याचा, उद्या त्या शेतकऱ्याचा. कारखान्याच्या प्रवेशद्वारावरील कागद त्यांच्या नजरेस पडणे कठीणच. प्रश्न केवळ कागदाचा नाही. १९२३ च्या कायद्याचे १२ वे कलम कंत्राटदाराच्या कामगाराचे दायित्व मूळ मालकावर टाकीत असे. परंतु अपघात त्या मालकाच्या कामाच्या वा ताब्यातील जागेत अथवा तिच्या आसपास झाला असला पाहिजे, अशी अट होती. शेतकऱ्याचा फड ही कारखान्याच्या कामाची 'जागा' ठरते काय? ह्या एका शब्दाच्या अर्थावर एखाद्या कुटुंबाची भरपाई अवलंबून राहू शकते.

दुसरे गृहीतक मालकाचे. कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा तोडणाऱ्याशी; आणि तोही 'उचल' देऊन. 'मुकादम' ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'पुढे ठेवलेला' असा आहे. तो पुढे उभा असल्याने मागचा मालक झाकला जातो. दुसरीकडे कामगारही शब्दाआड जातो. नवरा-बायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. हत्याराचे नाव माणसांस लागले. व्यवहार बहुधा पुरुषाच्या नावे होतो. लक्षणेचे हे उदाहरण अलंकारशास्त्रात शोभेल. परंतु भरपाईचा अर्ज 'अर्ध्या कोयत्या'च्या नावे करता येत नाही, त्यास त्या स्त्रीचे नाव लागते.

तिसरे गृहीतक भाषेचे. २०१७ च्या दुरुस्तीने कामावर घेतेवेळीच भरपाईच्या हक्काची माहिती कामगारास लेखी देणे बंधनकारक झाले, आणि संहितेने ही तरतूद कायम ठेवली. ती माहिती इंग्रजी, हिंदी किंवा कामाच्या क्षेत्राची राजभाषा ह्यांपैकी कामगारास समजेल अशा भाषेत द्यावयाची असते. बेळगाव जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या बीडच्या कामगारास मात्र ह्या तिहींत मराठी सापडत नाही, कारण तेथील राजभाषा कन्नड आहे. ज्यांची घरची बोली गोरमाटी आहे, अशा बंजारा कामगारांना तर स्वतःच्या राज्यातही मातृभाषेत माहिती मिळत नाही. कायद्याने भाषा स्थळावरून ठरविली. स्थलांतर करणारा मनुष्य भाषा आपल्याबरोबर नेतो.

यावरून प्रदर्शनाची कल्पना निरुपयोगी ठरत नाही. तिचे स्थळ तेवढे बदलावे लागते. ऊसतोडीत कामावर घेण्याचा क्षण म्हणजे उचल देण्याचा क्षण, आणि तो गावातच येतो. त्या वेळी पती व पत्नी दोघांची नावे असलेला कागद, त्यांच्या बोलीत मोठ्याने वाचून, ज्याचा त्याच्या हाती दिला गेला, तर भिंतीवाचूनही दाखला दाखविला गेला असे म्हणता येईल.