उभे राहताच रक्तदाब उतरतो तेव्हा

कसबा पेठेतील जुन्या वाड्यांचे लाकडी जिने अरुंद आणि उभ्या चढाचे. ते उतरून रविवारी नाना पेठेतील सिटी चर्चमध्ये मिस्साला येणाऱ्या एखाद्या वृद्ध बंधुभगिनीला शुभवर्तमानासाठी उभे राहताच अंधारी येते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. नेहमी तसे नसते.

आपण उभे राहताच रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. स्वायत्त मज्जासंस्था तत्काळ रक्तवाहिन्या आकुंचित करून दाब सावरते. जुना मधुमेह किंवा पार्किन्सन अशा विकारांत या नसांचे कार्य बिघडते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरल्यास हा दोष आहे असे समजतात. म्हणून दाब आडवे असताना व उभे राहून, असा दोनदा मोजून घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

डॉक्टर प्रथम चालू औषधे तपासतात, कारण रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही दाब उतरतो. त्या आपल्या मनाने मात्र बंद करू नयेत. पुढे गरजेनुसार मिडोड्रिन देतात. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. फ्लुड्रोकॉर्टिसोन शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, पण पोटॅशियम कमी करू शकते, सूजही आणते. ड्रॉक्सिडोपा शरीरात नॉरएपिनेफ्रिनमध्ये रूपांतरित होते. जपानमध्ये ते १९८९ पासून, तर अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे.

खरी अडचण पुढेच आहे. उभे असता दाब सावरणारी गोळी आडवे होताच तो धोकादायकरीत्या चढवू शकते. म्हणून मिडोड्रिनची शेवटची मात्रा झोपण्यापूर्वी किमान चार तास घ्यावी आणि पलंगाची उशाकडील बाजू उंच ठेवावी. या गोळ्या विकार बरा करीत नाहीत. पडणे टाळणे हाच त्यांचा हेतू.

सुमारे अर्धा लिटर पाणी भरभर प्यायल्यानेही काही वेळ दाब वाढतो. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. कम्युनियनपूर्वीचा तासाभराचा उपवास मोडेल, या भीतीने अनेक वडीलधारी सकाळचे पाणी व गोळी टाळतात. चर्चच्या कायद्यानुसार पाणी व औषध यांनी तो उपवास मुळीच मोडत नाही. वृद्ध व आजारी यांना तर अन्नाचीही मुभा आहे. प्रायश्चित्तकाळातील उपवासाचे बंधनही वयाची ५९ वर्षे पूर्ण झाल्यावर उरत नाही. आणि ज्यांना उभे राहवत नाही, त्यांनी शुभवर्तमान निःसंकोच बसून ऐकावे.