हाफ इंजिन, फुल किस्से

यवतमाळ जिल्ह्यातला सगळ्यात गाजलेला इंजिन-बदल कुठल्या गॅरेजात झालाच नाही, तो रुळांवर झाला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून आपल्या शकुंतलेला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजला, ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला त्याला निवृत्त केलं आणि गाडीला डिझेल जोडलं. सत्तर वर्षं तेच इंजिन! त्या हिशोबानं तुमची १९८५ ची आरएक्स १०० अजून वयातसुद्धा आली नाही म्हणायची.

तरी दारव्हा-दिग्रसपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत जुन्या गाडीचं इंजिन खोलून त्यात काहीतरी ‘वाढीव’ टाकायची हौस कमी होत नाही. राजदूत, येझदी, बुलेट, आरएक्स. कुणाची आजोबांची, कुणी भंगारातून उचललेली. ताकद वाढली की नाही ते पुढचं पुढे, किस्से मात्र नक्की वाढतात.

बोअर वाढवा, नाव बदला

आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर. गुणाकार केला की ९८ सीसी. आता आरएक्स १३५ घ्या. स्ट्रोक तोच ५०, बोअर ५८, झाली १३२ सीसी. बुलेटचंही तसंच. साडेतीनशेचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९०. पाचशेचा बोअर ८४ आणि स्ट्रोक पुन्हा ९०. म्हणजे ‘बोअर मारून सीसी वाढवणं’ ही गल्लीतल्या मिस्त्रीची करामत नव्हे. कंपन्यांनीच ती आधी केली आणि वर नवं नाव चिकटवून विकली.

झिजलेला ब्लॉक बोअर करून त्यात ओव्हरसाईज पिस्टन टाकतात, पाव, अर्धा, पाऊण आणि शेवटी एक मिलिमीटरचा. एक मिलिमीटरला पोचलेली आरएक्स १०२ सीसीची होते, बुलेट ३५६ ची. हा फरक पोलिसाला कळत नाही आणि खरं सांगायचं तर चालवणाऱ्यालाही कळत नाही. तरी मित्रांना सांगताना तो ‘गाडी बदलूनच गेली’ असा असतो.

कोण किती जोरकस?

आरडी ३५० ला लोक अजून दबून असतात. एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून ती राजदूत नावानं आणली. हाय टॉर्कवाली साडेतीस अश्वशक्तीची. पण दर लिटरमागे किती अश्वशक्ती, असा हिशोब मांडला तर चित्र पालटतं. आरडी ८८ च्या आसपास, जुनी ओतीव लोखंडी बुलेट ५२, येझदी रोडकिंग ६४ आणि आपली बारकी आरएक्स, ११ अश्वशक्ती आणि ९८ सीसीच्या जोरावर, थेट ११२. चारचौघांत हे बोलताना आरडीवाला आजूबाजूला नाही ना, एवढं बघून घ्या.

आणि बुलेट संथ म्हणता? आरएक्स ७,५०० आरपीएमला पूर्ण जोरात असते. तेव्हा तिचा पिस्टन सरासरी ताशी ४५ किलोमीटरनं वर-खाली करतो आणि एका सेकंदात २५० वेळा थांबून उलटा फिरतो. बुलेट ५,६२५ आरपीएमलाच दमते. पण तिचा स्ट्रोक लांब, म्हणून पिस्टन तेव्हा ताशी ६१ किलोमीटरनं पळत असतो. आवाज धीमा आहे म्हणून कुणी फसू नये.

पिस्टनची ही धावपळ सोसायला जुन्या बुलेटमध्ये करायचा सगळ्यात शहाणा बदल बाहेरून दिसतच नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला जुन्या मॉडेलांत तेलावर तरंगणारा फ्लोटिंग बुश असायचा. तेल कमी पडलं की तो घासायला लागणार. मिस्त्री तो काढून रोलर बेअरिंगचा रॉड टाकतात. अश्वशक्ती एकानंही वाढत नाही, पण नागपूरला जाऊन परत येण्याची खात्री वाढते. माझ्या मते हीच खरी बढती.

पान नाही लावून राह्यलो

ब्लॉक, पिस्टन, रिंग, गजन पिन एवढं काम निघालं तर हाफ इंजिन. क्रँकपर्यंत गेलं की फुल. हाफ इंजिनचं काम जवळ बसून बघण्यासारखं असतं. मिस्त्री नवी रिंग एकटीच ब्लॉकमध्ये टाकतो, पिस्टनच्या डोक्यानं ती थोडी आत सरळ ढकलतो आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजची पाती सरकवून बघतो. ढोबळ हिशोब असा की बोअरच्या दर इंचाला चार हजारांश इंच फट हवी. आरएक्सच्या दोन इंची बोअरला ती जेमतेम ०.२ मिलिमीटर होते. फट कमी सोडली तर यवतमाळच्या मे महिन्यात रिंग तापून लांबते, टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टन पकडतो. मग आर्णी रोडवर गाडी ढकलत निघा.

टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगच्या खोबणीत बारीकशी पिन असते. रिंग फिरून तिचं टोक पोर्टच्या खिडकीत अडकू नये म्हणून ती पहारा देते. पिस्टनच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्याचं तोंड सायलेन्सरकडे हवं. उलटा बसला तर रिंगची टोकं भलत्याच खिडकीसमोर येतात आणि नव्या ब्लॉकवर पहिल्याच दिवशी ओरखडे. म्हणून मागे उभं राहून घाई करणाऱ्याला मिस्त्री सुनावतो, “काहून गडबड करता भाऊ? इंजिन बांधून राह्यलो, पान नाही लावून राह्यलो!”

सायलेन्सरमधली हेरगिरी

जाळी काढलेला, पोकळ सायलेन्सर लावून बस स्टँडसमोरून रेस करत जाणाऱ्या आरएक्सवाल्यांसाठी एक वाईट बातमी आहे. तुमची गाडी बहुधा कंपनीच्या सायलेन्सरपेक्षा कमी जोरात आहे.

टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. जळलेला वायू बाहेर पडताना नळीतून दाबाची लाट पुढे जाते. नळी आधी रुंद होत जाते, तिथून उलट फिरलेली लाट सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. मग नळी अरुंद होते, तिथून परत आलेली लाट सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं पेट्रोल पुन्हा आत ढकलते. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, सगळं काम पत्र्याच्या आकारावर. आकार बिघडवला की आवाज वाढतो आणि ताजं पेट्रोल धुरासोबत फुकट जातं.

हे शास्त्र पक्कं केलं पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वॉल्टर काडेन यांनी. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात पेनेम्युंडच्या क्षेपणास्त्र केंद्रात कामाला होता. पन्नासच्या दशकात त्यानं तीच अक्कल मोटरसायकलला लावली. एमझेडचा रेसर एर्न्स्ट डेगनर सप्टेंबर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीतून परस्पर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ ला, सुझुकीला ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळालं आणि ते मिळवणारा रेसर होता डेगनरच. जपानी टू-स्ट्रोक पुढे जगभर पसरल्या, त्यातल्या काही आपल्याकडेही आल्या. तेव्हा आरएक्सच्या सायलेन्सरला ड्रिल लावण्याआधी विचार करा, त्या आकाराची विद्या घेऊन एका माणसानं देश सोडला होता.

पायातल्या करामती

गिअरच्या बाबतीत म्हैसूरच्या आयडियल जावाची बरोबरी नाही. येझदीत किक आणि गिअर यांना एकच दांडा! किक मारायची, दांडा खाली वळवायचा, त्यावरच गिअर टाकायचे. वर गिअर दाबतानाच आतून क्लच सुटायचा, त्यामुळे डाव्या हाताला फारसं काम नाही. ‘ऑटो क्लच’ म्हणून मिरवणाऱ्या गाड्या आल्या त्याच्या कितीतरी आधीची ही सोय. आज येझदी बांधताना पॉइंट काढून सीडीआय इग्निशन बसवतात, सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची करतात. पण दांड्याला हात लावायला कुणी धजत नाही. देशभरातले जावा-येझदीवाले जुलैच्या दुसऱ्या रविवारी या गाड्यांचा दिवस साजरा करतात. त्या दिवशी एका किकमध्ये चालू झाली, की वर्षभराचा मान.

बुलेटचा जुना चार गिअरचा अल्बियन बॉक्स उजव्या पायाला. पहिला वर, बाकी तिन्ही खाली. सोबत टाचेखाली एक छोटी दांडी, न्यूट्रल फाइंडर. चौथ्यात असा की दुसऱ्यात, टाच दाबली की थेट न्यूट्रल. हा बॉक्स काढून पाच गिअरचा बसवतात तेव्हा चाल मऊ होते, पण ही दांडी हमखास आठवते. राजदूत १७५ ला तर गिअरच तीन. ती मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीचं भावंड, १९६२ पासून आपल्याकडे बनलेली. दुधाचे कॅन लटकवून तिनं तीन गिअरांत जे ओढलं, ते पाच गिअरवाल्यांनी ओढून दाखवावं.

सगळ्यात स्वस्त बदल म्हणाल तर चेन-सॉकेटचा. बुलेटच्या पुढच्या सॉकेटचे दात १६ वरून १७ केले, की त्याच आरपीएमला ६० च्या जागी जवळपास ६४ चा वेग. पांढरकवड्याहून हैदराबाद रोडला लागायचं असेल तर हे झकास. पुसदच्या घाटातून दोघं बसून चढायचं असेल तर दात वाढवू नका. वेगाच्या बदल्यात चढाची ओढ जाते, एवढा सरळ सौदा आहे.

डिझेल बुलेट, हो, खरंच

कारखान्यातून ठोक निघालेल्या जगातल्या मोजक्या डिझेल मोटरसायकलींपैकी एक आपल्याकडची होती, एनफिल्डची टॉरस. नव्वदच्या दशकातली. इंजिन ग्रीव्हजचं, ३२५ सीसीचं, साडेसहा अश्वशक्तीचं. बारामतीला बनणाऱ्या ॲपे ऑटोमुळे ग्रीव्हजचा ठोका आपल्या कानांना चांगलाच ओळखीचा. ॲव्हरेज भन्नाट, जोर शंभर सीसीच्या गाडीहूनही कमी, आणि थरथर अशी की आरसे निव्वळ शोभेला.

गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये याहून पुढची उडी मारली. बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि औत जोडलं. ‘बुलेट सांती’ तिचं नाव. कपाशीच्या ओळींतून डवरणी करणारी मोटरसायकल! तिला अमेरिकेतही पेटंट मिळालं. कपाशीच्या आपल्या जिल्ह्यात बैलजोडीचे भाव ऐकले, की ही कल्पना वेडी वाटत नाही.

पेट्रोलच बदललं

तुम्ही इंजिनात काही करा न करा, पंपावर बदल होऊन बसलाय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता देशभर आहे. नीती आयोगाच्या अंदाजानुसार मुळात इथेनॉलसाठी न बनलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज त्यानं तीन-चार टक्के घटतं. जुन्या गाड्यांचं दुखणं वेगळंच. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं. कॉकचा वायसर, कार्बोरेटरमधली नीडल, पेट्रोलची नळी हे आधी बदला. मिश्रण पातळ होऊन प्लग पांढरा पडत असेल तर मेन जेट एक नंबरनं मोठा टाकायला सांगा. पांढरा प्लग आणि ४५ अंशांचा उन्हाळा एकत्र आले की पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

आरसी बुकाचा खोडा

‘विंटेज’ हा शब्द गॅरेजात स्वस्त आहे, कायद्यात महाग. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडीच विंटेज. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पाटीवर ‘व्हीए’ अशी खास अक्षरं आणि रोजच्या वापराला बंदी. पण मुख्य अट वेगळीच. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस आणि इंजिनात मोठी फेरफार नको. म्हणजे आरएक्स १०० ला पाच गिअरचं १३५ चं इंजिन बसवलंत, तर २०३५ मध्ये पहिल्या आरएक्स पन्नाशीच्या होतील तेव्हा तुमची गाडी त्या रांगेबाहेर.

त्याआधीही सुटका नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर नसतो, क्रँक केसवर ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला तर नंबर तोच राहतो, पूर्ण इंजिन बदललं की नंबर गेला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीनं ठरवलेल्या रूपात परस्पर बदल करायचा नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवानगी फेरफारीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारीमागे पाच हजार रुपये दंड, प्रसंगी दोन्ही. म्हणून ज्याच्या पावत्या आणि कागद नाहीत असं इंजिन भंगारातून कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

आणि एवढं सगळं करून गाडी खरंच पळायला लागली, तर पुढच्या चाकाकडे बघा. आरएक्स १०० चा ड्रम १३० मिलिमीटरचा, ९८ सीसीच्या हिशोबानं दिलेला. तुम्ही इंजिन वाढवलं, ड्रम तेवढाच राहिला. तेव्हा आधी ब्रेकचे लायनर नवे टाका, ड्रम घासून गोल करून घ्या, केबल बदला. बोअरचं त्यानंतर बोलू.