कात्री-चिमट्यांमागची परीक्षा

ऑपरेशनची उपकरणे निर्जंतुक करणाऱ्यांसाठी अमेरिकेत ‘सीआरसीएसटी’ हे प्रमाणपत्र आहे. लेखी परीक्षेबरोबर रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात 400 तास प्रत्यक्ष काम करावे लागते. पुढे दरवर्षी 12 श्रेयांक मिळवले, तरच नूतनीकरण होते. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क या राज्यांत तर अशा प्रमाणपत्राची अट कायद्यानेच घातली आहे.

या कामातला खरा कस निर्जंतुकीकरणाचे यंत्र चालवण्यात नाही, धुण्यात आहे. कात्रीच्या सांध्यात रक्ताचा कण अडकला, तर 134 अंश सेल्सिअसची वाफही त्याखालच्या जंतूंपर्यंत पोहोचेलच असे नाही. उपकरणांच्या पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे पाकीट यंत्रातून गेले, एवढेच कळते. जंतू मारण्याइतकी वाफ लागली का, हे चिवट जिवाणूंचे बीजाणू ठेवून तपासतात. हे सारे जाणणारा माणूस हरकाम्या नव्हे, तंत्रज्ञ आहे.