मेजावरील संदर्भग्रंथाची परीक्षा

संगणकाच्या पडद्यावर बटणें, खिडक्या व याद्या मांडणाऱ्या आज्ञावलीकारांसाठीं डेव्हिड फ्लॅनगन यांनीं लिहिलेला ‘जावा फाउंडेशन क्लासेस इन अ नटशेल’ हा संदर्भग्रंथ १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. असा ग्रंथ सलग कोणी वाचीत नाहीं. काम अडलें म्हणजे तो उघडावयाचा. तेव्हां त्याची परीक्षाहि अडलेल्या घटकेवरूनच व्हावी.

बटण दाबल्याची वर्दी घेण्यासाठीं ‘अ‍ॅडअ‍ॅक्शनलिसनर’ ही आज्ञा लागते. नवखा ती ‘जेबटन’ या वर्गाच्या नोंदींत शोधतो. पण ती असते त्याच्या पूर्वजाकडे, ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्टबटन’ या वर्गांत. फ्लॅनगन प्रत्येक वर्गाबरोबर त्याची वंशावळ देतात, त्यामुळें ही चुकामूक चटकन उलगडते. ग्रंथाचें मोल वसूल होतें तें येथें.

नांवांच्या याद्यांवरून वर्तन मात्र कळत नाहीं. पडद्यावरील घटकांस संगणकाच्या एकाच ठराविक कार्यधाग्यावरून हात लावावयाचा, हा नियम मोडल्यास पडदा कधीं गोठतो, कधीं गोठत नाहीं. आणि असली लहरी चूक शोधण्यांत रात्री जातात! याद्या चाळून तो नियम हातीं लागत नाहीं. शिवाय २००२ च्या जावा १.४ मध्यें आलेला ‘जेस्पिनर’ या ग्रंथांत असणें शक्यच नाहीं. त्यासाठीं भाषेच्या निर्मात्यांचें अधिकृत विवरणच उघडावें लागतें.